प्रबंध, पाळणा आणि परवानगी

२०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूर येथे चालू असता विधान परिषदेत संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला. पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा सवाल त्या वेळी एका तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. सवालावर गदारोळ झाला, निषेध झाला, आणि रिवाजाप्रमाणे काही दिवसांनी प्रकरण मागे पडले. परंतु हा सवाल एकट्या मंत्र्याच्या मनातला नव्हता. गिरणीच्या फाटकाशी, उसाच्या फडात, धरणग्रस्तांच्या मोर्चात ज्यांची उमेदीची वर्षे गेली अशा अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या मनातही तो दडलेला असतो. ग्रंथालयात पंख्याखाली बसून पाच-सहा वर्षे एकच विषय कुरतडणाऱ्या माणसाचे दुःख ते दुःख काय, आणि श्रमिकांच्या चळवळीने त्याची वास्तपुस्त का करावी, असे त्यांना वाटते. उघड बोलत नाहीत एवढेच.

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे तर आकडेवारी आणि मागण्यांची यादी पुढे करता येईल, आणि ती करावीही लागेल. पण त्याआधी एका कादंबरीकडे वळणे उपयुक्त ठरेल. ती मराठी नाही, क्रांतिकारक तर मुळीच नाही. ती एक विनोदी इंग्रजी कादंबरी आहे. डेव्हिड लॉज यांची ‘द ब्रिटिश म्युझियम इज फॉलिंग डाउन’ ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉज यांचा जन्म १९३५ चा. १९६० पासून १९८७ पर्यंत त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविले आणि १ जानेवारी २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यापीठीय जीवनाची थट्टा करणारे कादंबरीकार म्हणून ते जगभर वाचले गेले. या लहानशा कादंबरीकडे त्यांच्या नंतरच्या गाजलेल्या पुस्तकांच्या मानाने लक्ष कमी गेले. वस्तुतः डॉक्टरेट करू पाहणाऱ्या माणसाची कोंडी इतक्या थोडक्या पानांत इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

एक दिवस आणि दोन चिंता

कादंबरीचा सारा काळ एका दिवसाचा आहे आणि स्थळ आहे धुक्याने भरलेले लंडन. नायक ॲडम ॲपलबी हा इंग्रजी साहित्याचा संशोधक विद्यार्थी. त्याला तीन मुले आहेत. घर अपुरे, पैसा त्याहून अपुरा, आणि शिष्यवृत्तीची मुदत सरत आलेली. ॲडम आणि त्याची पत्नी बार्बरा हे दोघेही श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या धर्मपीठाला संततिनियमनाची कोणतीही साधने मान्य नाहीत. पत्नीच्या शरीराचे तापमान रोज मोजायचे, त्याचा आलेख काढायचा, दिवस मोजायचे आणि ‘सुरक्षित’ ठरलेल्या दिवसांपुरतेच पती-पत्नी म्हणून वागायचे, एवढीच सवलत त्यांना आहे. त्या पद्धतीवर विसंबून त्यांना तीन मुले झाली. आता बार्बराची पाळी लांबली आहे आणि चौथ्या मुलाच्या भीतीनेच त्या दिवसाची सुरुवात होते.

ॲडम आपल्या स्कूटरवरून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात जातो खरा, पण त्या दिवशी त्याच्या हातून काम म्हणून होत नाही. तो वारंवार घरी दूरध्वनी करतो. वाचनकक्षाच्या ओळखपत्राची मुदत संपलेली असते, ते नवे करून घेण्यासाठी त्याला कचेऱ्यांच्या चक्रव्यूहात फिरावे लागते. मध्येच आगीची खोटी हूल उठते. संध्याकाळी विभागातील मेजवानीत पदांची आणि बढत्यांची कुजबुज त्याच्या कानावर येते. त्या कुजबुजीत त्याच्यासाठी जागा नसते. लॉज यांनी या प्रसंगांसाठी एक गमतीदार युक्ती योजली आहे. प्रसंगाप्रसंगाला ते एकेका विख्यात लेखकाच्या शैलीचे विडंबन करतात. कचेरीतील फेऱ्यांचे वर्णन काफ्काच्या धाटणीचे आहे, इतरत्र कॉनराड, हेन्री जेम्स, व्हर्जिनिया वुल्फ यांच्या लकबी येतात. ही केवळ पंडिती करमणूक आहे, असा आक्षेप काही वाचक घेतील. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते की ज्याने वर्षानुवर्षे इतरांची वाक्ये मोजली, त्याला स्वतःचे जगणेही इतरांच्याच वाक्यांत दिसू लागावे, ही त्या विद्यार्थ्याची खरी शोकांतिका आहे. आपल्या हालअपेष्टा सांगायला त्याच्याजवळ स्वतःची भाषा उरलेली नाही.

विषयाची काटछाट

या कादंबरीतील एक तपशील प्रत्येक कार्यकर्त्याने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ॲडमने आरंभी प्रबंधासाठी निवडलेला विषय मोठा होता: आधुनिक कथात्मक साहित्यातील भाषा आणि विचारप्रणाली. अभ्यासमंडळाने तो तासत तासत शेवटी ‘तीन आधुनिक इंग्रजी कादंबऱ्यांतील दीर्घ वाक्यांची रचना’ इतका बारीक केला. त्या तीन कादंबऱ्या कोणत्या, हे मात्र ॲडमचे अद्याप ठरलेले नाही!

वाचक हसतो, आणि हसावेच. पण काय गेले आणि काय राहिले, याचा हिशेब मांडावा. विचारप्रणाली गेली, वाक्य राहिले. माणसे जे लिहितात त्यामागे कोणते हितसंबंध उभे असतात, हा प्रश्न गेला आणि वाक्याची लांबी राहिली. कोणी बंदी घातली नाही, कोणी धमकी दिली नाही, पोलीस आले नाहीत. एक समिती बसली, विषय फार विस्तृत आहे असे सौजन्याने सुचविले गेले, आणि प्रश्न विचारण्याची उमेद असलेल्या एका तरुणाच्या हातात मोजपट्टी देण्यात आली. ज्ञानाच्या संस्थांतील सेन्सॉरशिप बहुधा याच रीतीने चालते. विषय मर्यादित असावा, ही शास्त्राची रास्त अपेक्षा आहे, आणि विस्तृत विषयाच्या नावाखाली पुष्कळ भोंगळ प्रबंधही लिहिले जातात, हे खरे. परंतु विषयाला मर्यादा घालणे वेगळे आणि विषयातला प्रश्नच काढून टाकणे वेगळे. पहिल्याने संशोधन घडते, दुसऱ्याने उमेदवार घडतो.

आणि उमेदवाराने हे निमूटपणे मान्य का करावे? कारण त्याचे सर्वस्व दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असते. मार्गदर्शकाची सही झाली तर प्रगती-अहवाल पुढे सरकतो, अहवाल गेला तर शिष्यवृत्तीचा हप्ता येतो, आणि शिफारसपत्र चांगले असेल तरच पुढे नोकरीची आशा धरता येते. ज्याच्याशी वाद घालायचा त्याच्याच हाती आपला निर्वाह, ही स्थिती शेतमजुराला किंवा कंत्राटी कामगाराला समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की संशोधकाला ही पराधीनता शिष्यत्व म्हणून मिरवावी लागते. मजुराला निदान आपण मजूर आहोत हे ठाऊक असते.

शयनगृहातील धर्मसत्ता

ॲडमची दुसरी कोंडी धर्मसत्तेने केलेली आहे. १९३० च्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांचा कडक निषेध केला. त्याच वर्षी इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या धर्मगुरूंनी लॅम्बेथच्या परिषदेत मर्यादित परवानगी दिली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी गंभीर कारण असल्यास दिवस मोजण्याच्या पद्धतीला मोकळीक दिली. १९६१ मध्ये संततिप्रतिबंधक गोळी ब्रिटनमध्ये उपलब्ध झाली, आणि १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या प्रश्नाच्या विचारासाठी एक आयोग नेमला. लॉज यांची कादंबरी नेमकी या मधल्या वर्षांत लिहिली गेली. निर्णय बदलेल अशी लक्षावधी कॅथलिक दांपत्यांची आशा होती आणि ती रोज थर्मामीटरकडे पाहत रोमच्या निर्णयाची वाट पाहत होती. याच काळात, १९६४ च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते आणि ओव्हल मैदानावर त्यांच्या दर्शनाला अफाट जनसमुदाय लोटला होता. आयोगाच्या बहुमताने १९६६ मध्ये बदलाचा सल्ला दिला. १९६८ च्या जुलैमध्ये याच पोपनी तो सल्ला बाजूला सारून जुनी बंदी कायम केली.

बहुमत झाले, तज्ज्ञांनी सांगितले, विवाहित स्त्री-पुरुषांनी आपली गाऱ्हाणी मांडली, आणि निर्णय मात्र ज्यांना संसार नाही अशा पुरुषांनी घेतला. धर्मपीठ आणि विद्यापीठ यांचे साम्य येथे उघडे पडते. दोन्ही ठिकाणी नियम करणारा वर असतो आणि नियमाची जोखीम खालच्याने सोसायची असते. दोन्ही ठिकाणी अपयश आले की दोष नियमाचा धरला जात नाही. पद्धत बरोबर होती, तुम्ही दिवस मोजायला चुकलात; विषय बरोबर होता, तुमची चिकाटी कमी पडली. ॲडम बिचारा हे दोन्ही दोष पदरात घेतो. सार्वजनिक सत्तेने निर्माण केलेला त्रास माणसाने स्वतःचा खाजगी नाकर्तेपणा म्हणून सोसावा, हेच त्या सत्तेचे सर्वांत मोठे यश होय. कादंबरीतला विनोद हे यश उघडे पाडतो, म्हणून त्याची किंमत आहे.

गंमत अशी की परवानगीच्या या राज्यातून पुस्तकाचे नावही सुटले नाही. लॉज यांना एका प्रसिद्ध गाण्यातील ओळ शीर्षक म्हणून हवी होती. हक्कदारांनी संमती नाकारली म्हणून त्यांना आजचे शीर्षक द्यावे लागले.

त्याच घुमटाखाली

ज्या वाचनकक्षात ॲडम आपला दिवस वाया घालवतो तो १८५७ मध्ये खुला झाला. वर्तुळाकार दालन आणि वर प्रचंड घुमट अशी त्याची रचना आहे. कार्ल मार्क्स यांना १८५० मध्येच म्युझियमचे वाचक म्हणून प्रवेश मिळाला होता, आणि ‘कॅपिटल’साठी लागलेले सरकारी अहवालांचे डोंगर त्यांनी पुढे याच घुमटाखाली उपसले. १९०२ मध्ये लेनिन टोपणनावाने तेथे वाचायला येत. १९९७ मध्ये ब्रिटिश ग्रंथालय नव्या वास्तूत गेले आणि वाचनकक्षाचे ते पर्व संपले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र त्या घुमटाखालचा सर्वांत महत्त्वाचा संशोधक विद्यार्थी दुसराच आहे. भीमराव रामजी आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी अर्धपोटी राहून दिवसचे दिवस वाचन केले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. परकी सरकारने चालविलेल्या चलनव्यवस्थेची परीक्षा त्यांनी त्या सरकारच्या राजधानीत बसून केली. प्रबंध पहिल्या रूपात स्वीकारला गेला नाही, त्यांना तो सुधारून पुन्हा सादर करावा लागला. अखेर १९२३ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने बाहेर आला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदविले. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे नाते कसे असावे याचा हा एक चांगला दाखला आहे. मतभेद झाला, पण प्रश्न शाबूत राहिला. वाक्ये मोजून आंबेडकर मोकळे झाले असते तर पदवी कदाचित आधी मिळाली असती. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लिहिले ते मात्र आज कोणाच्या स्मरणात नसते.

‘काय दिवे लावणार’ या सवालाला एवढे उत्तर खरे म्हणजे पुरे व्हावे.

पण या थोर उदाहरणाचा उपयोग आजच्या विद्यार्थ्यांना गप्प बसविण्यासाठी होऊ नये. बाबासाहेबांनी उपास काढून अभ्यास केला, मग तुम्हाला शिष्यवृत्ती कशाला, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांनी त्या उपासाची संपूर्ण किंमत आधी ध्यानात घ्यावी. नवरा लंडनच्या ग्रंथालयात असता रमाबाई मुंबईत परळच्या चाळीत संसाराचा गाडा ओढत होत्या. त्या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली, एकटा यशवंत जगला. असामान्य माणसाने असामान्य हाल सोसून पदवी मिळविली, यावरून हाल हा शिक्षणाचा नियम असावा असे सिद्ध होत नाही. पुढच्या पिढीला ते हाल सोसावे लागू नयेत यासाठीच तर त्यांचे पुढचे सारे आयुष्य खर्ची पडले.

१९२१ हे साल या संदर्भात विशेष आहे. आंबेडकर लंडनमध्ये वाचत होते, त्याच शहरात मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे आपले पहिले केंद्र उघडले. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी तसेच केंद्र सुरू केले. या कार्यापायी कर्व्यांना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. आंबेडकरांनी. खटला ते हरले. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पां. जि. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. त्याचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. तो ठरावही फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाला बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न हा आपला राजकीय प्रश्न वाटला, ही गोष्ट त्या पराभवाहून मोठी आहे. ॲडम ॲपलबीच्या ज्या दोन चिंता कादंबरीत शेजारीशेजारी उभ्या राहतात, त्या पुस्तकातली एक आणि पाळण्यातली दुसरी, या दोहोंना महाराष्ट्रातल्या एका पक्षाने सुमारे तीस वर्षे आधी आपल्या राजकारणात बसविण्याचा प्रयत्न केला होता.

बार्बराचे ‘कदाचित’

लॉज यांच्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण हे तिचे सर्वांत चांगले प्रकरण आहे. तोपर्यंत सारे काही ॲडमच्या नजरेतून दिसलेले असते. रात्री तो घरी परततो, झोपी जातो, आणि मग बार्बरा विचार करू लागते. विरामचिन्हे नसलेला तो लांबलचक आत्मसंवाद जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’च्या शेवटाची आठवण करून देतो. पण जॉइसची नायिका ‘होय’ या शब्दावर थांबते, बार्बरा थांबते ती ‘कदाचित’वर. पाळी आलेली आहे, आजचे संकट टळले आहे. उद्याचे टळेल की नाही, हे तिला ठाऊक नाही.

दिवसभर ॲडम धावला, घाबरला, हसे करून घेतले. पण ज्या शरीरावर ही सारी गणिते मांडली जात होती ते बार्बराचे होते. घरी राहून तीन मुलांना सांभाळणारी तीच होती, आणि तिचे मत मात्र कोणत्याही समितीने किंवा धर्मसभेने विचारले नव्हते. संशोधकाच्या दुःखाच्या कथा बहुधा संशोधक पुरुषाच्या दुःखापाशी थांबतात. त्याची भाकरी भाजणारी, त्याच्या प्रबंधाची हस्तलिखिते सांभाळणारी, त्याच्या मुदतवाढीबरोबर स्वतःचे आयुष्य लांबणीवर टाकणारी स्त्री प्रस्तावनेच्या अखेरीस एका आभाराच्या वाक्यात उरते. लॉज यांनी तिला निदान शेवटचे प्रकरण दिले. ते फार उशिरा दिले, असाही आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा ठरणार नाही.

कादंबरीचा खरा दोष मात्र निराळा आहे. ॲडमची आर्थिक अडचण सुटते ती एका धनाढ्य अमेरिकन माणसामुळे. त्याला आपल्या देशातील महाविद्यालयासाठी पुस्तके आणि हस्तलिखिते विकत घ्यायची आहेत आणि त्या कामासाठी तो ॲडमला नोकरी देतो. आरंभी तर त्याचा मनसुबा सबंध ब्रिटिश म्युझियमच उचलून नेण्याचा असतो! यातला उपहास रास्त आहे. त्या काळात अमेरिकन विद्यापीठे इंग्रज लेखकांची हस्तलिखिते खरोखरच मोठ्या प्रमाणावर खरेदी करीत होती. पण उपहास असला तरी तोडगा तोडगाच राहतो. विद्यापीठाचे दार बंद झाले, धर्मपीठाचे उघडले नाही, म्हणून श्रीमंताची थैली उघडली. ॲडम सुटला. त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या, वर्षानुवर्षे प्रबंध न संपवलेल्या इतरांचे काय झाले, हे विचारण्याचे भान कादंबरीला नाही. तिच्यात विद्यार्थी एकमेकांना भेटतात, सिगारेट ओढतात, विनोद करतात, पण आपल्या सर्वांची अडचण एकच आहे, असे कोणाच्याही मनात येत नाही. म्हणून तिच्यात संघटना नाही, केवळ योगायोग आहे. विनोदी कादंबरीला योगायोग चालतो. चळवळीला तो चालणार नाही.

उरलेले काम

भारतातील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी कमाल मुदत सहा वर्षांची ठरविली आणि नोंदणी नवी करून दोन वर्षांची वाढ देण्याची सोय केली. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा या नियमांत आहे. बार्बराच्या पिढीला जे मिळाले नाही ते कागदावर आले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु रजा कागदावर असते आणि रजेचा अर्ज मार्गदर्शकाच्या टेबलावर असतो. सहीची सत्ता जोवर एकाच हातात आहे तोवर हक्काचे रूपांतर उपकारात होण्यास वेळ लागत नाही.

पैशाची कथाही अशीच आहे. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. त्याच वेळी, केंद्रीय विद्यापीठांतील जे पीएच.डी. विद्यार्थी त्या स्पर्धापरीक्षेतून आलेले नव्हते त्यांची रक्कम दरमहा ८,००० रुपयांवरच राहिली. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती त्याआधीच, २०२२ च्या डिसेंबरात, बंद करण्यात आली होती. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या शिष्यवृत्त्यांसाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर बसावे लागले. या मुलांच्या घरी प्रबंध हा शब्द पहिल्यांदाच पोचलेला असतो. त्यांच्यापाठी श्रीमंत अमेरिकन उभा नाही, आणि उभा राहावा अशी अपेक्षाही धरू नये. त्यांच्यापाठी कोणी उभे राहायचे तर ते त्यांच्यासारख्याच श्रमिकांच्या संघटनांनी.

शिष्यवृत्ती हा कामाचा मोबदला आहे, दान नव्हे, आणि तो पगाराप्रमाणे ठरल्या तारखेला मिळाला पाहिजे. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करण्याची आणि मार्गदर्शक बदलून घेण्याची निर्भय सोय हवी. विषय मंजूर करणाऱ्या समितीने एखादा प्रश्न नाकारला तर त्याची कारणे लेखी द्यावीत. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबविण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. या मागण्यांत आकाशातला चंद्र कोणी मागितलेला नाही. गिरणी कामगाराने पगाराची तारीख मागितली, मुकादमाच्या लहरीविरुद्ध दाद मागितली, बदलीवाल्याला कायम करा म्हटले. याच मागण्या येथे वेगळ्या कपड्यांत उभ्या आहेत.

आणि यातून समाजाला काय मिळणार? धरणाखाली गेलेल्या गावांचे पुढे काय झाले, ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या आरोग्याची काय दशा आहे, चलन कोणाच्या हिताने चालते, हे प्रश्न नेटाने विचारणारे कोणी तरी लागते. मोर्चातल्या कार्यकर्त्याच्या हातातले निवेदन कोणा तरी संशोधकाने अंधाऱ्या कोठारातून काढलेल्या माहितीवर उभे असते. तो संशोधक पोटाच्या आणि सहीच्या भीतीने वाक्ये मोजत बसला तर निवेदन रिकामे राहील. ॲडम ॲपलबीच्या हातून जो विषय काढून घेतला गेला, तो आपल्या विद्यापीठांतील मुलामुलींच्या हातून निसटू नये, एवढ्यासाठी तरी त्यांच्या उपोषणाच्या मंडपात कार्यकर्त्यांनी जाऊन बसले पाहिजे.